आल्बाकोरसाठी लाईन किती पाउंडाची?

आल्बाकोर मासा गळाने पकडायच्या ट्रिपचं बुकिंग झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाईन, म्हणजे गळाची दोरी, किती पाउंडाची घ्यायची? विचारणाऱ्याच्या मनात हिशेबही तयार असतो. मासा वीस पाउंडाचा, मग तीस पाउंडाची लाईन घेतली की झालं. हिशेब चोख वाटतो, पण त्यात माशाच्या वजनाला नको तेवढा मान दिलाय. वीस पाउंडाच्या लाईनवर चाळीस पाउंडाचा मासा निघतो आणि चाळीसच्या लाईनवरून पंधरा पाउंडाचा सुटून जातो, असं सर्रास होतं. पाण्यातला मासा लाईनने उचलायचा नसतोच, त्याला दमवून जवळ आणायचा असतो. उचलायला शेवटी गॅफ, म्हणजे दांड्याला लावलेला मोठा आकडा, असतो. त्यामुळे लाईन ठरवताना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. मासा आमिषाला तोंड लावतोय का? आमिष केवढं आहे? आणि बोटीच्या कठड्याला तुमच्या शेजारी किती जण रॉड धरून उभे आहेत?

आधी माशाची थोडी ओळख. आल्बाकोर हा कुप्याच्या कुळातला, म्हणजे ट्यूना. छातीजवळचे दोन पर इतके लांब, की मागे पार दुसऱ्या पाठपराच्या पलीकडे पोचतात. एवढ्या खुणेवर तो इतर कुप्यांतून वेगळा काढता येतो. अमेरिकेत ट्यूनाच्या डब्यावर ‘व्हाइट’ असं छापायचं तर आत हाच मासा लागतो, आणि तिथला हा डबाबंद धंदा १९०३ साली कॅलिफोर्नियातल्या सान पेड्रोला सुरू झाला. गळाने पकडलेल्या सगळ्यात मोठ्या आल्बाकोरचा जागतिक विक्रम आहे ८८ पाउंड २ औंसांचा, म्हणजे जवळजवळ ४० किलोचा. तो १९७७ साली अटलांटिकमध्ये, कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारियापाशी मिळाला. आपल्याला त्याची चिंता नको. कॅलिफोर्निया, ऑरेगन आणि वॉशिंग्टनच्या किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात उन्हाळ्यात जे थवे येतात, ते बहुतेक अजून अंडी न घातलेले, दोन ते पाच वर्षांचे मासे. त्यांच्यातले काही जपानच्या बाजूने अख्खा पॅसिफिक ओलांडून आलेले असतात. वजन दहा ते पस्तीस पाउंड, जास्त करून पंधरा ते पंचवीस. एक पाउंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. लाईनच्या पाकिटावर आकडे पाउंडातच असतात, म्हणून इथेही तेच वापरतो.

वजन बेताचं असलं तरी जोर बेताचा नाही. ट्यूनाला कल्ल्यांवरून पाणी जात राहावं म्हणून जन्मभर पोहत राहावं लागतं. शिवाय त्याच्या अंगात रक्तवाहिन्यांची अशी जाळी असते, की स्नायूंत तयार झालेली उष्णता समुद्रात निसटून न जाता परत अंगातच फिरते. १४ ते १८ सेल्सिअसच्या थंडगार पाण्यातही त्याचं इंजिन गरम असतं. गळ टोचला की पहिल्या धावेत तो एका दमात शंभर मीटर लाईन सहज ओढून नेतो. तुमच्या साहित्याची खरी परीक्षा या धावेत होते, आणि ती घेते ड्रॅग. त्याच्याकडे जाण्याआधी लाईनवरचा आकडा म्हणजे नेमकं काय, ते पाहू.

पाकिटावर ३० पाउंड लिहिलेलं असतं, तेव्हा साधारण एवढा ताण येईपर्यंत लाईन तुटू नये अशी अपेक्षा असते. ‘साधारण’ म्हणायचं कारण बाजारात दोन पद्धती आहेत. नेहमीची ‘टेस्ट’ लाईन लिहिलेल्या आकड्याला किंवा त्याच्या बऱ्याच वर तुटते. काही तिसाच्या लाईनी पस्तीसच्या पुढेही टिकतात. विक्रमासाठी वापरायची ‘क्लास’ लाईन उलट असते: ती लिहिलेल्या आकड्याच्या आतच तुटायला हवी, नाहीतर विक्रम वरच्या गटात ढकलला जातो. कुणी हौसेने क्लास लाईन विकत घेतली आणि ‘तीस’ला तीस धरून चालला, तर तो पहिल्याच दिवशी फसणार. साध्या ट्रिपला तिची गरज नाही.

आता हा आकडा बोटीवर कसा झिजत जातो ते बघा. साधा नायलॉनचा तंगूस पाणी पितो, आणि ओला झाल्यावर त्याची ताकद दहाएक टक्क्यांनी उतरते. तीसचे झाले सत्तावीस. मग गाठ. नीट ओली करून सावकाश आवळलेली गाठ लाईनची बरीच ताकद राखते. घाईत, कोरडीच आवळलेली गाठ निम्मीही राखेल याचा भरवसा नाही, कारण आवळताना होणाऱ्या घर्षणाने नायलॉन तापतो आणि तिथेच खराब होतो. बऱ्यापैकी गाठ ऐंशी टक्के धरते असं मानलं, तर सत्तावीसचे राहिले साडेएकवीस. त्यात शेवटच्या हातभर लाईनवर माशाच्या दातांचा एखादा ओरखडा असला तर आणखी खाली. म्हणजे हातात तीसची लाईन आहे असं समजून तुम्ही खरं तर विसाच्या आसपासच्या लाईनवर खेळत असता.

ड्रॅग म्हणजे रीळमधला ब्रेक. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढायला लागला की लाईन गुंडाळलेला ड्रम घसरतो आणि लाईन सुटत जाते. तो लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा लावायचा, असा जुना शिरस्ता आहे. तीसच्या लाईनला आठ ते दहा पाउंड, पंचवीसला सहा ते आठ, चाळीसला दहा ते तेरा. नवख्या माणसाला हे फारच ढिलं वाटतं. एवढी दमदार लाईन घेतली, मग तिच्या तिसऱ्या हिश्शावर का अडून बसायचं?

कारण लाईन सुटत जाते तसा ड्रमवरचा गुंडाळा लहान होत जातो, आणि ब्रेक तोच राहिला तरी ओढ वाढते. घसरायला लागणारा पीळ ठरलेला असतो; तो लहान त्रिज्येवरून द्यायचा तर जास्त जोर लागतो. समजा भरलेल्या ड्रमचा व्यास ६ सेंटिमीटर आहे आणि ड्रॅग ८ पाउंडांवर लावलाय. माशाने लाईन नेता नेता व्यास ४ सेंटिमीटरवर आला, की कुणी ड्रॅगच्या चाकाला हात न लावता तोच ड्रॅग १२ पाउंडांचा झालेला असतो. ३ सेंटिमीटरवर तो १६ होईल. शिवाय पाण्यात पसरलेली शंभर-दीडशे मीटर लाईन आडवी ओढली जाते, तिचा विरोध वेगळा. वर रॉडच्या कड्यांतलं घर्षण, आणि माशाचे मधले झटके. बारावर सुरू झालेली बेरीज साडेएकवीसपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही.

आता कल्पना करा, कुणीतरी ‘मासा फार लाईन नेतोय’ म्हणून सुरुवातीलाच ड्रॅग १५ वर आवळलाय. ४ सेंटिमीटरवर तो साडेबावीस होतो. आपली गाठ साडेएकवीसला गेली. पट्कन आवाज येतो, रॉड सरळ होतो, आणि तो माणूस लाईनच्या कंपनीला शिव्या घालतो. मासा दूर पळत असताना ड्रॅग आवळणं ही आल्बाकोर गमावायची सगळ्यात खात्रीशीर रीत आहे. लाईन फार गेली असेल तर उलट ड्रॅग किंचित सैल करायचा. मनाला पटत नाही, पण गणित तेच सांगतं.

ड्रॅग हाताने ओढून ‘बरोबर वाटतोय’ असं ठरवू नये. स्प्रिंगचा साधा वजनकाटा लाईनला बांधा, रॉड मासा ओढताना धरतो तसा तिरका धरा, दुसऱ्याला काटा ओढायला सांगा, आणि लाईन सुटायला लागते तेव्हा आकडा वाचा. हे काम घरी करून जायचं. लिव्हर ड्रॅगच्या, म्हणजे दांड्याने ड्रॅग बदलायच्या रिळाला एक फायदा आहे: एकदा ‘स्ट्राइक’च्या खाचेवर आकडा बसवला की लिव्हर पुढेमागे करून परत नेमक्या त्याच जागी येता येतं. स्टार ड्रॅगचं चांदणीच्या आकाराचं चाक, म्हणजे चांदणी, फिरवायला सोपी, पण ती कुठे होती हे झटापटीत कुणाच्या लक्षात राहतं? तरी स्टार ड्रॅगची रिळं वाईट नाहीत. या किनाऱ्यावरच्या कितीतरी पिढ्यांनी पेन कंपनीच्या जिगमास्टरसारख्या साध्या स्टार ड्रॅग रिळांवरच आल्बाकोर काढले.

मग सरळ पन्नासची लाईन लावून मोकळं का होऊ नये, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी ट्रिप कशी चालते ते समजून घ्यावं लागतं.

बोट निळ्या, किंचित उबदार पाण्याच्या शोधात किनाऱ्यापासून दूर जाते. अंतर कधी तीस मैल, कधी त्याच्या दुप्पट-तिप्पट. ऑरेगनमध्ये न्यूपोर्ट किंवा गॅरिबाल्डी, वॉशिंग्टनमध्ये वेस्टपोर्ट किंवा इल्वाको ही नेहमीची बंदरं, आणि हंगाम साधारण जुलै ते सप्टेंबर. दक्षिणेला सान डिएगोच्या बोटींनी एकेकाळी हाच मासा गाजवला, पण तिथे तो मोठा लहरी. वर्षानुवर्षं पाठ फिरवतो. निळं पाणी लागलं की बोटीमागे नकली आमिषं ओढत थवा शोधायचा. एखाद्या रॉडवर मासा लागला की कप्तान वेग कमी करतो, डेकहँड, म्हणजे बोटीवरचा मदतनीस, टाकीतले जिवंत मासे मूठमूठ पाण्यात फेकतो, आणि थवा बोटीखाली आला की सगळे जण जिवंत आमिष लावून गळ सोडतात. म्हणजे एकाच ट्रिपमध्ये दोन वेगळे खेळ आहेत, आणि दोघांचं साहित्य एकमेकांच्या कामाचं नाही.

ओढायच्या खेळाबद्दल फार डोकं चालवायला नको. सहा-सात नॉटच्या वेगाने, फेसाळ पाण्यात, पिसांचं किंवा प्लास्टिकच्या झालरीचं जिग, म्हणजे नकली आमिष, झपाझप जात असतं. माशाला निरखायला सवड नसते, त्यामुळे जाड लाईन चालते: ५० ते ८० पाउंड. बोट चालू असताना मासा लागतो, म्हणून धक्का मोठा असतो, जाडी त्याच्यासाठी. ड्रॅग मात्र इथेही हलकाच, कारण आल्बाकोरचं तोंड मऊ असतं आणि धक्क्यात लाईन टिकली तरी गळ फाडून बाहेर येतो. रंगांवर लोक तासन् तास वाद घालतात. हिरवा-पिवळा ‘झुकिनी’, ‘मेक्सिकन फ्लॅग’, आणि रंग न लावलेला देवदाराचा साधा ओंडका, ज्याला सीडर प्लग म्हणतात, हे तिन्ही चालतात. माझ्या मते वेग आणि जागा बरोबर असली की रंग हा शेवटचा मुद्दा. भाड्याच्या बोटीवर ही सगळी साधनं बोटीचीच असतात. त्यासाठी वेगळा खर्च करायचं कारण नाही.

खरी निवड जिवंत आमिषासाठी करायची असते. इथे सगळं एका छोट्या माशापासून सुरू होतं. टाकीत असतो अँकोव्ही: बोटाएवढा, चकचकीत, खवले इतके सैल की जोरात धरला तर तळहाताला चिकटून येतात. त्याच्या नाकातून किंवा कल्ल्यामागच्या कडक पट्टीतून गळ घालतात आणि पाण्यात सोडतात. आता त्याने करायचं काय, तर घाबरून खाली आणि दूर पळायचं. आल्बाकोर पळणाऱ्या माशावर झडप घालतो, वर्तुळात भोवळणाऱ्यावर नाही. या दहा सेंटिमीटरच्या जिवाला मागे बांधलेलं सगळं ओझं ओढायचं आहे: गळाचं वजन, गाठ, आणि पाण्यातली प्रत्येक वीत लाईन. जाड लाईन लावली तर तो दोन मीटरवर थकतो, वर येतो, आणि पक्ष्यांच्या तोंडी जातो. पातळ लाईन लावली तर तो पंधरा-वीस मीटर खाली थव्यात जाऊन पोचतो.

जाडीचा हिशेब इथे कामाचा आहे. नायलॉनची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. २० पाउंडाच्या तंगुसाचा व्यास साधारण ०.४६ मिलिमीटर, ३०चा ०.५५च्या आसपास, ४०चा ०.६ ते ०.६५; कंपनीगणिक थोडा फरक पडतो. ताकद दुप्पट झाली तरी व्यास दीडपटही होत नाही. पण लाईन पाण्यातून ओढताना लागणारा जोर आणि ती वाकायला होणारा त्रास, दोन्ही जाडीबरोबर वाढतात, आणि कडकपणा तर फारच झपाट्याने. अँकोव्हीसाठी पंचवीस आणि चाळीस यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तारलीच्या जातीचा सार्डिन टाकीत असेल तर तो मोठा आणि दमदार असतो; त्याला तीस-चाळीस सहज पेलतं.

म्हणून निवडीचा क्रम आमिषापासून सुरू करावा. आमिषाच्या मापाचा गळ, गळाच्या मापाची लाईन, लाईनच्या मापाचा ड्रॅग, आणि हे सगळं पेलणारा रॉड. लहान अँकोव्हीला ४ ते १ नंबरचे बारीक गळ, मोठ्याला १/० पर्यंत. सार्डिनला १/० ते ३/०. गळांच्या नंबरची रीत थोडी उफराटी आहे: साध्या आकड्यांत ४ हा १ पेक्षा लहान, आणि एकच्या पुढे शून्य लावलेले आकडे सुरू झाले की ३/० हा १/० पेक्षा मोठा. बारीक तारेच्या लहान गळावर पन्नासची लाईन आणि तिच्या बेताचा ड्रॅग लावला तर लाईन तुटण्याआधी गळच सरळ होईल. साखळी कुठून तरी तुटणारच असते. कुठून तुटेल हे आधी माहीत असलेलं बरं.

मासा लाईन पाहतो का? पाहतो, निदान काही दिवस तरी. सकाळी थवा भुकेला असेल आणि पाणी उसळत असेल तर चाळीसवरही आपटतात. दुपारी ऊन वर आलं, पाणी आरशासारखं झालं, की तेच मासे फेकलेले मोकळे अँकोव्ही टिपतात आणि गळावरचा बरोबर सोडून देतात. अशा वेळी पंचवीस, कधी विसावर उतरावं लागतं. इथे फ्लुओरोकार्बन या वेगळ्या प्लास्टिकच्या लाईनचं नाव निघतं. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचं माप, १.३३, फ्लुओरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा १.५च्या वर. पाण्याच्या जितकं जवळ तितकं नजरेला कमी दिसतं, हे खरं आहे. शिवाय ते पाण्यापेक्षा बरंच जड, म्हणून लाईन आमिषाबरोबर खाली जाते. आणि पाणी पीत नाही, म्हणून भिजून ताकद जात नाही. पण ते महाग आणि कडक असतं, आणि गाठ आवळताना जास्त नखरे करतं. अख्खं रीळ त्याने भरणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं. शेवटचे दीड-दोन मीटर पुरे.

इतकं वाचून कुणी विसाचीच लाईन घेऊन निघेल, तर त्याला कठड्यावरची परिस्थिती सांगायला हवी. भाड्याच्या मोठ्या बोटीवर वीस-पंचवीस माणसं असतात. थवा लागला की एकाच वेळी आठ-दहा मासे गळाला असतात, आणि प्रत्येक जण आपल्या दिशेने धावतो. विसावरचा मासा अर्धा तास फिरत राहिला तर तेवढ्यात तो दहा जणांच्या लाईनी गुंफून ठेवतो. तीसवर तोच मासा दहा-पंधरा मिनिटांत वर आला असता. गुंत्यात सगळ्यात आधी कापली जाते ती पातळ लाईन. शेजारधर्माचा भाग सोडून दिला तरी हे तुमच्याच तोट्याचं आहे.

याला मांसाची बाजूही आहे. फार वेळ झुंजलेल्या ट्यूनाच्या अंगाचं तापमान चढतं, स्नायूंत आम्ल साचतं, आणि मांस फिकट, पाणचट होतं. असा मासा खायला आणलाय की फक्त झुंजवायला, हे ज्याने त्याने ठरवावं. पण वर आल्यावर लगेच रक्त काढून बर्फाच्या पाण्यात घालायची खटपट करायची आणि त्याआधी अर्धा तास त्याला पाण्यात शिजवायचा, यात संगती नाही. ही घाई सुरक्षिततेसाठीही आहे: ट्यूना गरम राहिला तर मांसात हिस्टामाइन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही.

जागेचाही फरक पडतो. थांबलेली बोट वाऱ्याने एका बाजूला सरकत असते. ज्या कठड्यावर वारा येऊन आदळतो, तिथून सोडलेली लाईन बोटीपासून दूर जाते. पलीकडच्या कठड्यावरून सोडलेली बोटीखाली जाते आणि तळाला घासते. त्यामुळे वाऱ्याकडच्या बाजूला गर्दी होते, आणि मासा जिकडे जाईल तिकडे लाईनमागोमाग स्वतः चालत जावं लागतं, शेजाऱ्याच्या रॉडच्या वरून-खालून वाट काढत. लाईन समोर सरळ असेल तर गुंता होत नाही. कोन पडला की होतो. बोट पुरती थांबायच्या आधी, ती अजून पुढे घसरत असताना मागच्या कोपऱ्यातून जो पहिलं आमिष सोडतो त्याला बहुधा पहिला मासा मिळतो. त्यासाठी गाठ मारलेला रॉड तयार ठेवायचा असतो. तेव्हा गळ शोधत बसलेल्याचा उपयोग नाही.

ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली लाईन या सगळ्या गणितात कुठे बसते? तिची ताकद जाडीच्या मानाने अफाट. ६५ पाउंडाची ब्रेडेड लाईन १६ पाउंडाच्या तंगुसाएवढी बारीक असते. त्यामुळे लहान, हलक्या रिळात तीनशे-चारशे मीटर मावते, आणि ड्रम फारसा रिकामा होत नाही म्हणून ड्रॅग वाढण्याची ती मघाची भानगड कमी होते. पण ती जवळजवळ ताणली जात नाही. नायलॉन तुटण्याआधी वीस-पंचवीस टक्के लांबतो, आणि माशाचा झटका पोटात घेतो. ब्रेडेड तो झटका तसाच गळापर्यंत पोचवते. शिवाय ती तरंगते, माशाला दिसते, आणि गर्दीत दुसऱ्याच्या तंगुसावर घासली की त्याला करवतीसारखी कापते. काही कप्तान अख्खी ब्रेडेड लाईन लावून आलेल्याला डेकवर उभंच करत नाहीत, आणि ते बरोबर करतात असं माझं मत आहे. तोडगा जुनाच आहे: रिळात खाली ब्रेडेड, आणि तिच्यापुढे वीस ते पन्नास मीटर तंगूस. या पुढच्या तुकड्याला टॉपशॉट म्हणतात. लाईनची ताकद बदलायची असली की फक्त टॉपशॉट बदलायचा. ब्रेडेड सरळ गुळगुळीत ड्रमवर गुंडाळू नका; आधी थोडा नायलॉन किंवा चिकटपट्टी द्या, नाहीतर माशाने ओढल्यावर सगळा गुंडाळा एकसंध ड्रमवर गरागरा फिरतो आणि ड्रॅग आहे की नाही हेच कळत नाही.

रॉडबद्दल एकच चुकीची समजूत फार पसरलेली आहे, की लांब रॉड जास्त ताकदवान. प्रत्यक्षात रॉड ही उलटी तरफ आहे: तिचा फायदा माशाला मिळतो, तुम्हाला नाही. रॉडचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात टेकलाय, पुढचा हात बुंध्यापासून अर्ध्या मीटरवर आहे, आणि वाकलेलं टोक बुंध्यापासून १.२ मीटर पुढे आहे असं धरा. टोकाला १० पाउंडांची ओढ असेल तर हाताला २४ पाउंड पेलावे लागतात. रॉड आणखी लांब, की हातावर आणखी भार. पण लांब रॉडने हलकं अँकोव्ही दूर टाकता येतं आणि बोटीच्या कोपऱ्याला वळसा घालता येतो. म्हणून जिवंत आमिषासाठी सात फुटांचा, टोकाला मऊ आणि खाली दमदार, २० ते ४० पाउंडांच्या लाईनसाठी सांगितलेला रॉड हा मध्यम मार्ग ठरतो. रॉडवर छापलेले आकडे लाईनच्या ताकदीचे असतात, माशाच्या वजनाचे नाहीत. मासा बोटीखाली असताना रॉड उभा करून टोक आकाशाकडे नेऊ नका. टोकाकडचा बारीक भाग एवढा वाकायला बनवलेलाच नसतो.

शेवटच्या टप्प्यात आल्बाकोर बोटीखाली गोल गोल फिरायला लागतो. इथे जोर लावणाऱ्यापेक्षा वेळ साधणारा जिंकतो. अर्ध्या फेरीत मासा तुमच्यापासून दूर जातो, अर्ध्या फेरीत तुमच्याकडे येतो. दूर जाताना फक्त धरून ठेवा. तोंड तुमच्याकडे वळलं की भराभर गुंडाळा. प्रत्येक फेरीला एक-दोन मीटर मिळाले तरी पुरे. तीसच्या लाईनवर आठ पाउंडांचा ड्रॅग कमी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे एकदा करून पाहावं. मासा वर आला की लाईन हातात धरून ओढू नका. डेकहँडला हाक मारा आणि गॅफ लागल्या क्षणी ड्रॅग सैल करा. गॅफ हुकला तर माशाला पळायला लाईन मिळाली पाहिजे.

प्रत्येक माशानंतर शेवटची हातभर लाईन अंगठा आणि नखाच्या मधून ओढून पाहा. खरखर लागली की तेवढी कापून नवी गाठ मारा. आल्बाकोरचे दात बारीक असतात, पण दहा मिनिटं लाईन त्यांवर घासलेली असते. चालू झुंबडीत या कामाचा कंटाळा येतो आणि पुढचा मासा तिथेच जातो. त्यावर सोपा उपाय म्हणजे दोन रॉड तयार ठेवणं: एक खराब झाला की दुसरा उचलायचा, आणि थवा सरकल्यावर निवांत गाठी मारायच्या. गाठ कोणती, यावर फार वाद नको. पालोमार, युनी किंवा सान डिएगो जॅम, यांपैकी जी तुम्हाला डुलणाऱ्या बोटीवर, ओल्या हाताने, अंधारात मारता येते ती.

ट्रिपच्या दोन-तीन दिवस आधी बोटीवाल्याला फोन करून तीन गोष्टी विचारा: टाकीत कुठलं आमिष आहे, माणसं किती, आणि आल्बाकोरबरोबर ब्लूफिन ट्यूना दिसतोय का. उत्तर ‘अँकोव्ही, बावीस जण, ब्लूफिन नाही’ असं आलं, तर एका रॉडवर पंचवीसचा टॉपशॉट आणि दुसऱ्यावर तीसचा. सकाळी तीसने सुरुवात करा, मासे तोंड फिरवायला लागले की पंचवीस उचला. ‘सार्डिन, आठ जण, ब्लूफिन नाही’ असं आलं, तर तीस आणि चाळीस, आणि ऊन चढल्यावर जागा मोकळी असेल तर विसाचा एक टॉपशॉटही पिशवीत असू द्या. ब्लूफिन असेल तर पन्नास-साठचा एक वेगळा दमदार रॉड लागेल, कारण तो मासा आल्बाकोरच्या कितीतरी पट मोठा निघू शकतो, आणि आल्बाकोरच्या रॉडवर तो लागला तर तासभर तुम्ही आणि बोटीवरचे सगळे त्याच्याच मागे फिरत बसाल.